नाक दाबायचं नाही

२९ मार्च

सोनू गेला.

माह्या देवराचा पोट्टा. सात वर्षाचा. होळीच्या संध्याकाळी म्हणे, डोकं दुखते. सगळे म्हणले ऊन लागलं, रंग चढला डोक्यात. गल्लीतल्या डॉक्टरनं टायफाइडच्या गोळ्या देल्ल्या. दुसऱ्या दिवशी उलट्या. मंग मान वाकेना. मंग आपल्या मायलेच वळखेना — सीमाले म्हणे, "आंटी, मुझे मेरे घर छोड़ दो." दुर्गले नेला, दुर्गवाल्याईनं रायपूरले धाडला. आज पांढऱ्या चादरीत परत आला.

सीमा रडली नाही. आलेल्या-गेलेल्याले विचारून राहिली, जेवले का जी? मले भेव वाटलं तिच्याकडं पाहून. म्हणलं, रड व बाई, एकदा रडून घे. तर म्हणे, ताई, भात पुरन का?

सोनूचा बाप विक्की भिंतीले टेकून बसला, तो उठलाच नाही. बौद्धाचार्याईले यायले उशीर झाला म्हणून मामाजीनं स्वतःच त्रिसरण-पंचशील म्हणलं. ऐंशीले टेकले माहे सासरे, रोलिंग मिलमधी कान गेले त्याईचे, म्हणून जे काही बोलते ते ओरडूनच. आज नातवासाठी ओरडले. आमच्या अर्ध्या खुर्सीपार मोहल्ल्याले ऐकू गेलं असन.

लहान पोरासाठी खड्डा लहानच खणते. मले माहीतच नव्हतं.

३० मार्च

माहा अभि म्हणे — मम्मी, सिर दुख रहा है.

३१ मार्च, रायपूर

थांबली नाही मी. गल्लीतला डॉक्टर गेला चुलीत! अभिले उचललं अन् सोनू जिथं मेला त्याच दवाखान्यात घेऊन आली. राजकुमार, माहा नवरा, रस्ताभर म्हणे, तिथं कावून, आम्रपाली? तिथून तर — मी म्हणलं, तिथल्या लोकाईनं एक पाह्यला आहे. दुसरीकडं पुन्हा टायफाइडपासून सुरू करन.

डॉक्टरीण तरुण आहे. आमचं आडनाव वाचलं अन् खुर्चीतून उठूनच उभी राहिली. सोनूच्या पाठीतलं पाणी काढलं होतं ना, त्यात त्याईले दिसलं — पोट्टा मेल्यावर दिसलं. एक बारीक जीव, डोळ्याले दिसत नाही. गरम, साचलेल्या पाण्यात राहते. नाकातून वर चढते अन् मेंदू खाते. असंच म्हणली ती, खाते. पिल्यानं काही होत नाही म्हणे, कितीबी प्या, नाकात गेलं नाही पायजे. हजारो लोक पोहतात, त्यात एखाद्यालेच होते.

एखाद्याले! आमच्या घरात दोघाईले.

मंग तिनं विचारलं, बच्चे कहाँ तैरने गए थे? मी राजकुमारकडं पाह्यलं, त्यानं माह्याकडं. दोघाईलेबी माहीत होतं. अभिच बोलला, डोळे मिटून.

"आबाजी के तालाब में."

१ एप्रिल

अभिले मशीनवर टाकलं. तोंडात नळी. दवाई इकडं मिळत नाही, विमानानं येऊन राहिली म्हणे. बाकावर बसून काय करू, लिहिते.

पोट्टे मामाजीले आबाजी म्हणतात. आबाजीचा तलाव म्हणजे भिलाई-3 वस्तीच्या पलीकडं, एका गावचा तलाव आहे. साठ वर्षापहिले मामाजी आपल्या बापासोबत भंडाऱ्याकडून भिलाईच्या पोलाद प्लांटच्या मजुरीले आले, तेव्हा त्या गावात खोली घेऊन राहत. जिथं म्हशी धुवत तो घाट आपल्या लोकाईले. मोठ्या घाटावर पाय ठेवायचा नाही. मंग एका वीस मार्चले — बाबासाहेबानं चवदार तळ्याचं पाणी घेतलं तो दिवस — मामाजी अन् चार-पाच पोट्टे मोठ्या घाटावर उतरले. गाववाले पायऱ्याईवर उभे, गमछ्यानं नाक दाबून, जसं काही मेलेलं जनावर आलं पाण्यात. तर मामाजीनं काय केलं — त्याईच्याकडं तोंड करून, नाक उघडं ठेवून तीन बुड्या मारल्या. त्याईनं नाक दाबलं ना? मंग आपण नाही दाबायचं!

तवापासून दरसाल वीस मार्चले आमच्या घरातले पोट्टे त्या घाटावर. पाच वर्षाचं झालं की पहिली बुडी. अन् नियम एकच. नाक दाबायचं नाही. नाक दाबते तो पाण्याले घाण म्हणते, असं बुढा शिकवते. राजकुमारनं मारल्या, विक्कीनं मारल्या, कोणाले सर्दीबी झाली नाही. यंदा पाणी उतरलं होतं, कोमट, हिरवं. अभि अन् सोनू गेले. माही पोरगी गुंजन चारची, म्हणून माह्यापाशी राहिली.

बाबासाहेब ओंजळीनं प्याले होते. ओंजळीनं! नाकात घ्या हे कोणी सांगतलं? हे आमच्या बुढ्याचंच डोकं.

४ एप्रिल

दवाई आली. डॉक्टरीण म्हणे, सोनूच्या वेळेस समजलंच नाही, याचं पहिल्याच दिवशी समजलं, म्हणून उम्मीद आहे. चांगल्या मनाची बाई आहे, तिच्या ध्यानातबी आलं नसन ती काय बोलून गेली. मले समजलं ना. सोनू पहिले मेला म्हणून अभिले चान्स आहे.

मनात आलं — बरं झालं, पहिले सोनूले झालं.

आलं तर आलं. मनाले काय लगाम घालता? इथं लिहिलं, कोणाले सांगणार नाही.

६ एप्रिल

विक्की डबा घेऊन आला. पोट्ट्याले मातीत ठेवून दहा दिवस नाही झाले अन् माह्यासाठी वरण-भात घेऊन आला. त्याच्या हातचा डबा घेताना माही नजर वर होईना.

दोघा भावाईनं ठरवून टाकलं. बाबाले सांगायचं नाही. मच्छर चावला, दिमागी बुखार झाला, बस. घरचा पेपर काही दिवस बंद. मी भांडली. म्हणलं, कावून नाही सांगायचं? कोणाच्या हट्टापायी पोट्टं गेलं ते कळू द्या ना बुढ्याले! इथं मी बाकावर मरून राहिली अन् तो घरी छाती पुढं काढून बसन?

राजकुमार मले हाताले धरून बाहेर घेऊन आला. हळूच बोलला. "काय सांगू बाबाले? त्या पाण्यानं मारलं म्हणून? मंग नाक दाबून उभे होते ते लोक खरे होते का?"

पाण्याले कोणाची जात समजत नाही, अन् त्या किड्यालेबी समजत नाही, एवढं तर मलेबी माहीत आहे. पण हे बुढ्याच्या कानात ओरडून कसं सांगता?

अन् विक्की म्हणे, वहिनी, मी हात जोडतो. बाबा मरून जाईन. एक गेला तेवढा पुरे.

१४ एप्रिल

अभिनं बोट हलवलं. उजव्या हाताचं.

आज जयंती. खुर्सीपारमधी मिरवणूक असन. मामाजी यंदा गेले नाही म्हणे, घरीच बाबासाहेबाच्या फोटोपाशी बसून राहिले.

२ मे

घरी आलो!

डॉक्टरीण म्हणे, असे वाचलेले लेकरं बोटावर मोजण्यासारखे. सगळ्या नर्सा फोटो काढायले आल्या. पेपरवालाबी आला. मी साडी नीट केली, अभिचे केस विंचरले, अन् फोटोत हसली. फोटोत हे नाही दिसलं की पोट्टा बोलत नाही. डावा हात धरून ठेवला नाही तर लटलट हालते. नऊ वर्षाचा घोडा चड्डीत मुतते.

गल्लीच्या तोंडाशी लोक हार घेऊन उभे. कोणी म्हणे चमत्कार, कोणी म्हणे पुण्याई. मामाजीनं अभिले उराशी धरलं, धायधाय रडले. मच्छराईले आईमाईवरून शिव्या देल्ल्या.

सीमा दारात उभी होती. सगळे पांगले तवा माह्यापाशी आली.

"ताई, या हारातले दोन फुलं सोनूच्या फोटोले घाल. त्यानं मरून दाखवलं, तवा तुह्या पोट्ट्याचं समजलं."

असं बोलून आत गेली अन् सगळ्याईसाठी चहा मांडला. चहात साखर बरोबर होती.

५ मे

सीमा मायच्या घरी गेली, भिलाई-3 ले. बॅग भरताना सोनूचे कपडे घेतले, आपले विसरली. विक्की सोडायले गेला, तो एकटाच परत आला.

१९ मे

त्या तलावाच्या गावची एक बाई माह्या शिलाईच्या दुकानात ब्लाउज शिवायले टाकून गेली. बसली, पंख्याखाली हवा घेतली, गोष्टी काढल्या. म्हणे, तालाब में सरकारवाले दवाई डाले हैं, बोर्ड लगाए हैं, नहाना मना है. मी मशीन थांबवली नाही. म्हणलं, कावून बाई? म्हणे, बाहर-बाहर के लोग आके नहाते हैं ना, तब से पानी खराब हुआ. हमारे लोग तो जनम से नहा रहे.

तिले माहीत नव्हतं ती कोणापाशी बसली आहे. मी हो ला हो केलं. तिचं ब्लाउज दंडात अर्धा इंच कमी शिवलं. काचू दे.

१० जून

मामाजीनं मच्छर मारायची बॅट आणली. दिवे लागले की अभिच्या खाटेभोवती फिरते, चट-चट, चट-चट. एक मेला की म्हणते, हा सोनूचा! मच्छरदाणी बांधली, कडुनिंबाचा धूर करते, नगरपालिकेत जाऊन नालीसाठी भांडून आला. बोर्डाबिर्डाचं त्याले काही माहीत नाही.

आज मले हसू आलं. मोरीत जाऊन पोटभर हसली.

७ जुलै

स्पीच थेरपीवाली म्हणे, घर में कोशिश कीजिए, यहाँ से ज्यादा नहीं होगा. म्हणजे आम्ही हात टेकले, तुम्ही पाहा.

अभि मोबाइलवर कार्टून पाहते, पाहता पाहता लाळ गळते. पहिले घरात राहत नव्हता हा पोट्टा! क्रिकेटसाठी मार खाये. शाळेत त्याच्या वर्गातले पाचवीत गेले अन् हा इथंच. गल्लीतले पोट्टे खिडकीतून वाकून पाहतात, मी चप्पल फेकून मारली एकाले.

कधी कधी वाटते, सोनूचंच बरं झालं. एकदाच झालं.

हेबी मीच लिहिलं अन् एप्रिलचं तेबी मीच लिहिलं. मायचं मन कुत्र्यासारखं आहे, कुठंबी तोंड घालते.

२४ ऑगस्ट

सीमा आपले कपडे न्यायले आली. वाळली आहे. मामाजीच्या पाया पडली. त्याईनं डोक्यावर हात ठेवला, ओरडून म्हणे, बेटा, तुह्या घरी मच्छरदाणी आहे ना? सीमानं मान हलवली. मले वाटलं आता बोलन ही. आता सांगन. उठून आत निघाली.

स्वयंपाकघरात आली तवा मी म्हणलं, सांगायचं होतं ना व. कोणी अडवलं होतं तुले?

"तूच सांग, ताई. मेलेल्याच्या मायनं सांगतलं तर शाप वाटते. तुहं वाचलं, तू सांग."

अन् हेबी म्हणली की जोवर त्या बुढ्याले माहीत नाही, तोवर या घरात राहायले येणार नाही. तिचा पोट्टा मच्छरानं मेला नाही. खोट्या मरणानं मेला असं घरात रोज ऐकणं तिच्यानं होणार नाही.

बरोबर बोलली. सांगीन मी. दसऱ्याले मामाजी दीक्षाभूमीले नागपूरले जातात, त्याच्या पहिले सांगीन. ओरडून सांगीन, मोहल्ला ऐकते तर ऐकू दे.

९ ऑक्टोबर

आज सांगणार होती.

राजकुमार ड्यूटीवर, गुंजन अंगणवाडीत. पदर खोचला, तोंडावर पाणी मारलं. कसं बोलायचं ते रात्रीच मनात जुळवलं होतं — मामाजी, पोट्टं मच्छरानं नाही, तुमच्या नियमानं गेलं. एवढंच. एका दमात.

मामाजी मागच्या खोलीत अभिसमोर बसले होते. बुढ्याचा पंजा अभिच्या गळ्यावर! मी सोडवायले धावलीच असती. मंग समजलं. बुढ्याले ऐकू येत नाही ना, म्हणून पोट्ट्याचा आवाज निघाला का नाही ते हात लावून पाहून राहिला. अभिचा हात आपल्या गळ्यावर ठेवला, म्हणे, बुद्धं. अभिचं तोंड उघडलं, काही नाही निघालं. पुन्हा. बुद्धं. पुन्हा. रोज करते म्हणे असं, मी दुकानात असते तवा. जूनपासून. मले पत्ताच नाही. मी समजत होती आजा-नातू झोपून राहतात दुपारी.

मी दारात उभीच. पाय दुखायले लागले. बुढा थकला, पाणी प्याला, पुन्हा बसला. चिडला नाही एकदाबी. आपल्या सख्ख्या पोराईले पट्ट्यानं मारणारा माणूस!

मंग अभि बोलला. "बु." फक्त बु. घोगरं, कुठूनतरी खालून आलेलं. बुढ्याच्या हाताले समजलं. त्यानं माह्याकडं पाह्यलं, म्हणे, आला का? कानानं आला का आवाज? सांग व पोरी, मले ऐकू येत नाही!

मी म्हणलं, हाव मामाजी. आला.

तेवढंच सांगतलं. ज्यानं माह्या पोट्ट्याचं तोंड उघडलं त्याले काय सांगू की तूच बंद केलं होतं? दसऱ्याले जाऊ दे त्याईले नागपूरले. सुखानं जाऊ दे.

सीमाले फोन केला. खोटं बोलली. म्हणलं, सांगतलं, बुढा लय रडला. सीमा म्हणे, बरं.

६ डिसेंबर

अभि म्हणे, मम्मी.

दिवा लावायच्या वेळेस म्हणला. अख्खा शब्द. मामाजी चौकात मेणबत्त्या घेऊन गेले होते, त्याईले बोलवायले धावत गेली, चप्पलबी घातली नाही.

११ फेब्रुवारी

अभि आता तीन-तीन शब्द बोलते. हात अजून हालते. गुंजन त्याची मास्तरीण बनली आहे, पट्टी घेऊन बसते. काल तिचा वाढदिवस होता, केकचा पहिला घास भावाले.

विक्की म्हणे सीमा फोनवर नीट बोलून राहिली. मार्चमधी येते म्हणली.

१७ मार्च

वीस तारीख येऊन राहिली. मामाजीनं पांढरे कपडे धुवायले टाकले.

ब्लाउजवाली बाई काल पुन्हा आली होती. बोर्ड टिनाचा होता, कोणीतरी काढून नेला म्हणे. आता कोणी मना नाही करत.

राजकुमारले म्हणलं, काय करायचं? आता तरी सांग! तर म्हणे, वीसले सुट्टी घेतो, बाबाच्या डोळ्याचा नंबर दुर्गले लावतो. मोतीबिंदू आहेच. दिवस निघून जाईन. मलेबी तेच बरं वाटलं. खरं सांगू? हायसं वाटलं.

२० मार्च

दिवस निघाला. दुर्गच्या दवाखान्यात डोळ्यात औषध घालून बसवलं बुढ्याले. घरी आले तर तोंड एवढंसं. साठ वर्षात पहिल्यांदा चुकलं म्हणे. जेवले नाही. मी लाडीगोडी केली, शेवटी दूध प्याले.

सीमा रविवारी येते! खोली झाडली, सोनूच्या फोटोले नवीन काच बसवली.

२३ मार्च

सीमाले आणायले आम्ही तिघंबी — मी, राजकुमार, विक्की — भिलाई-3 ले गेलो होतो. मामाजी म्हणले होते, जा, मी पाहतो पोट्ट्याईले.

परत आलो तर अभि शेजारच्या घरी. अन् मामाजी आमच्या दारात उभे, पांढऱ्या कपड्यात, गुंजनचा हात धरून. तिच्या हातात पेढा. केस ओले.

"आम्रपाली, पाच पूर्ण झाले ना हिचे! तारीख हुकली तर काय झालं? तीन बुड्या मारल्या पोरीनं. एकदाबी नाक दाबलं नाही!"

ओरडूनच सांगतलं. सीमा ऑटोतून उतरलीच नाही.

गुंजनच्या कपाळाले हात लावला. थंड आहे.